सिस्टर्स ऑफ मर्सी : अल्बम तीनच, मग आधी कोणता?

द सिस्टर्स ऑफ मर्सी हा रॉक बँड १९८० साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात सुरू झाला. स्टुडिओ अल्बम निघाले तीनच, शेवटचा १९९० साली. त्यानंतर आजवर कार्यक्रम चालू आहेत, पण अल्बमचं नाव नाही. त्यामुळे भुसावळ-जळगावकडचं कुणी ‘भो, आधी कोणता ऐकू?’ असं विचारलं की मी ते हसण्यावारी नेत नाही. पहिलाच बेताचा वाटला तर पोरगं उरलेल्या दोहोंकडे फिरकत नाही, आणि मग गावात या बँडवर बोलायला पुन्हा मी एकटाच.

तिन्हींत दोन गोष्टी कायम आहेत. एक, अँड्र्यू एल्ड्रिचचा खर्जातला आवाज. दुसरी, ड्रमर म्हणून माणूस नाहीच. ड्रम मशीन आहे, तिचं नाव डॉक्टर अ‍ॅव्हलांच. माणसं भांडून गेली, यंत्रं बदलली, डॉक्टर मात्र जागेवर.

‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज’ (१९८५) हा गिटारचा अल्बम. वेन हसी आणि गॅरी मार्क्स यांच्या गिटारी एकमेकींत अशा गुंतल्यात की कुठली कुणाची हे कळायला बरेच दिवस जातात. फोनच्या स्पीकरवर हा ऐकलात तर नुसती किणकिण कानी येईल. मे महिन्यात गच्चीवर गादी टाकली आहे, अकरा वाजून गेले तरी फरशी गरमच आहे, झोप येत नाही, तेव्हा हेडफोन लावून ‘मॅरियन’ ऐका. मध्येच एल्ड्रिच जर्मनमध्ये गाऊ लागतो. अर्थ कळत नाही, पण बुडणाऱ्या माणसाने हाक मारावी तसं ते पोचतं. त्याच वर्षी आधी मार्क्स बाहेर पडला, मग हसी आणि बेस वाजवणारा क्रेग अ‍ॅडम्स. या दोघांनी पुढे ‘द मिशन’ काढला. माझं सगळ्यात जास्त प्रेम याच अल्बमवर आहे, तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी हा देत नाही. तो लगेच हाती लागत नाही.

‘फ्लडलँड’ची (१९८७) गोष्ट वेगळी. इथे एल्ड्रिच जवळजवळ एकटा आहे. सोबत नावाला बेसवर पॅट्रिशिया मॉरिसन. माणसं कमी झाली आणि आवाज मात्र हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापी सुटते तसा सुटला. ‘धिस कोरोजन’ची निर्मिती जिम स्टाइनमनची, म्हणजे अमेरिकन रॉक गायक मीट लोफची गाणी लिहिणारा तोच. त्याने न्यूयॉर्कचा अख्खा कोरस आणून उभा केला. अल्बमवर हे गाणं जवळपास अकरा मिनिटं चालतं आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. आपल्याकडे वरातीत डीजेच्या गाडीमागे चालून ज्यांची छाती हादरली आहे, त्यांना हा भव्यपणा समजावून सांगावा लागत नाही. ‘लुक्रेशिया माय रिफ्लेक्शन’ची बेसची ओळ तर एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी कामावर बोटं टेबलावर तीच वाजवतात. आणि एवढ्या गदारोळात ‘१९५९’ हे फक्त पियानो आणि आवाजाचं गाणं. ते एल्ड्रिचचं जन्मवर्ष.

‘व्हिजन थिंग’ (१९९०) म्हणजे सरळ हार्ड रॉक. नाव थोरल्या बुशच्या तोंडच्या शब्दांवरून घेतलंय, आणि रोख अमेरिकेवर. ‘मोअर’मध्ये स्टाइनमन पुन्हा आहे. गाणी दणकट आहेत, गाडी चालवताना मजा येते, पण आधीच्या दोन्हींतलं गूढ धुकं गेलं. मेटल ऐकत वाढलेल्याला हाच आधी आवडेल, म्हणून त्याला हा द्यावा. बाकीच्यांनी तिसऱ्या नंबरावर ठेवावा.

तर माझं मत: सुरुवात ‘फ्लडलँड’ने, आणि तीही घरातल्या मोठ्या स्पीकरवर, घरचे बाहेर गेलेले असताना. तो मुरला की ‘फर्स्ट अँड लास्ट’. घाई करू नका. काळे कपडे वगैरे हवेतच असं नाही. पंचेचाळीस डिग्रीत काळा शर्ट ही शिक्षा आहे, आणि एल्ड्रिचला स्वतःला ‘गॉथ’ (काळे कपडे, उदास-गूढ सूर असा रॉकमधला पंथ) म्हटलेलं खपत नाही.

रेकॉर्ड घ्यायची की सीडी, हेही विचारतात. पत्र्याच्या खोलीत राहत असाल तर सीडीच घ्या. आपल्या उन्हाळ्यात एलपी वाकते. आणि ‘टेंपल ऑफ लव्ह’ या तिन्हींत शोधत बसू नका. १९८३ चं हे गाणं एकाही स्टुडिओ अल्बमवर नाही. १९९२ साली इस्रायली गायिका ऑफ्रा हाझाला घेऊन ते नव्याने केलं, ती आवृत्ती आधी ऐका.