पन्नाशीच्या नोकरदारासाठी 'फुल बॉडी चेकअप' : रामदासपेठेतील एका केंद्राचे परीक्षण

नागपूरच्या रामदासपेठ आणि धंतोली भागात दवाखान्यांच्या जोडीने तपासणी केंद्रांच्याही पाट्या दाटीने लागलेल्या आहेत आणि त्यांपैकी अनेकांवर 'फुल बॉडी चेकअप'चे दर ठळक अक्षरांत रंगवलेले असतात. मी बुटीबोरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आमच्या कंपनीने रामदासपेठेतील अशाच एका केंद्राशी सवलतीचा दर ठरवला असल्याने यंदाची तपासणी मी तेथे करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शहरातील इतर काही केंद्रांची माहितीपत्रके चाळली तेव्हा त्यांच्या पॅकेजची रचनाही जवळपास अशीच आढळली.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. उपाशीपोटी आलेल्यांना ताटकळत ठेवत नाहीत, रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका आहे, स्वच्छतेत खोट काढता येत नाही आणि अहवाल त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी चाचणी येथे एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या, पद्धतीने करतात आणि तिचा आलेखही अहवालाला जोडतात. विदर्भात ही बाब किरकोळ नाही. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो आणि आलेखात वेगळे हिमोग्लोबिन दिसले तर डॉक्टर वेळीच सावध होतात. सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आपल्या भागात मोठ्या संख्येने आहेत, हे ध्यानात घेऊन निवडलेली ही पद्धत केंद्राच्या जमेची बाजू मानली पाहिजे.

मात्र जाहिरातीतील 'ऐंशीहून अधिक चाचण्या' कशा मोजल्या जातात, ते अहवाल हाती आल्यावर उमगते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, या एकाच तपासणीतून निघणारे वीसेक आकडे येथे वीस चाचण्या म्हणून धरले आहेत आणि कोलेस्टेरॉलच्या दोन आकड्यांचे गुणोत्तर हीदेखील स्वतंत्र चाचणी ठरली आहे. एवढे असूनही मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला होणारी इजा लवकर दाखवणारे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर मात्र पॅकेजमध्ये नाही. कंबरेचा घेर मोजला गेला नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते आणि ती तपासायला शिंप्याकडची साधी फीत पुरते.

सर्वात निराशा झाली ती रक्तदाब मोजण्याच्या पद्धतीने. पोटाच्या सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवायला सांगतात आणि त्याच अवस्थेत, रांगेतून उठवून, "काकाजी, बाही वर करा" म्हणत पट्टा बांधतात. रक्तदाब मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि थोड्या अंतराने किमान दोनदा मोजावे, असा प्रघात आहे. मूत्राशय भरलेले असताना आकडा वाढलेला येतो. माझा आकडा १४८ आणि ९४ असा आला, लाल अक्षरांत छापला गेला, आणि घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून काढलेली सरासरी त्यापेक्षा बरीच खाली निघाली. याची उलट बाजू अधिक काळजीची आहे. काही लोकांचा रक्तदाब दवाखान्यात नीट असतो, पण कामाच्या तासांत चढलेला असतो आणि नोकरीतील ताणाशी त्याचा संबंध असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. सुटीच्या दिवशी सकाळी, विश्रांती घेऊन आलेल्या अशा माणसाला हे पॅकेज निरोगी ठरवून घरी पाठवील.

नोंदणीचा अर्ज वाचताना तर तो दुसऱ्याच कुठल्या शहरासाठी तयार केला असावा असे वाटते. सिगारेट आणि मद्याचे रकाने आहेत, खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, नाही. नागपुरात पानठेल्यावर घोटलेला खर्रा दिवसभर गालात धरून काम करणारे लोक कारखान्याच्या प्रत्येक पाळीत सापडतात, सुपारी आणि तंबाखू ही दोन्ही तोंडाच्या कर्करोगाची सिद्ध झालेली कारणे आहेत आणि तरीही साऱ्या तपासणीत एकदाही कोणी तोंड उघडायला सांगितले नाही. तिशीपुढील व्यक्तींसाठीच्या सरकारी तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर तोंडाची पाहणीही अपेक्षित आहे. फुकट मिळणाऱ्या तपासणीने जे ओळखले ते काही हजार रुपये घेणाऱ्या पॅकेजला सुचू नये, याचे नवल वाटते.

त्याच अर्जात व्यवसायासाठी एक ओळ आहे. तेथे 'नोकरी' एवढे लिहिले की भागते. पाळी कोणती, आठवड्याचे तास किती, झोप किती, बुटीबोरीहून घरी पोहोचायला किती वाजतात, यांपैकी काहीच विचारलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. मार्चअखेरीस लेखा विभागात ५५ तास म्हणजे हलका आठवडा समजला जातो! ज्या गोष्टीने धोका इतका बदलतो ती न विचारता व्हिटॅमिन डी आणि बी-१२ वर लाल तारका छापायच्या, हा क्रम मला पटत नाही.

पॅकेजच्या श्रेणीही एका चुकीच्या समजावर उभ्या आहेत. 'एक्झिक्युटिव्ह' श्रेणीत ट्रेडमिलवरील हृदयतपासणी आहे, 'बेसिक' श्रेणीत साधा ईसीजीही नाही, आणि कंपनीने साहेबांना पहिली व मशीनवरच्या कामगारांना दुसरी दिली आहे. ताण म्हणजे मोठ्या खुर्चीचे दुखणे, हा समज ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासाने केव्हाच खोडला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या त्या पाहणीत सर्वात खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वात वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या जवळपास तिप्पट आढळला आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात घेऊनही हा फरक पूर्ण उलगडला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. ज्याला यंत्राच्या गतीने हात चालवावे लागतात आणि रजेसाठी तिघांच्या सह्या घ्याव्या लागतात, त्याच्याच पॅकेजमधून ईसीजी वगळलेला आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता दिला. त्यात ओट्स आहेत, ऑलिव्ह तेल आहे आणि रात्रीचे जेवण साडेसातला आहे. माझ्यासोबत आलेला सहकारी सेकंड शिफ्टचा असल्याने रात्री साडेबाराला जेवतो. रात्री उशिरा शरीर इन्सुलिनला कमी प्रतिसाद देते, त्यामुळे अशा माणसाने पाळी सुरू होण्यापूर्वी पोटभर जेवून मध्यरात्री थोडकेच खावे, हे त्याला सांगायला हवे होते. सावजी रस्सा आणि तर्री पोहे वर्ज्य करा म्हणणे सोपे आहे. पण आठवड्यातून किती वेळा आणि किती तेलाची तर्री, हे विचारणारा सल्ला माणूस पाळण्याचा संभव अधिक असतो.

शेवटी भेटलेल्या डॉक्टरांमुळे मात्र पैसे वाया गेल्याची भावना राहिली नाही. माझा एचबीएवनसी ६.० आला, म्हणजे ५.७ ते ६.४ या पूर्वमधुमेहाच्या टप्प्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या टप्प्यावर देशातील सुमारे १३.६ कोटी लोक आहेत. डॉक्टरांनी औषध लिहिले नाही. किती वाजता झोपता आणि दिवसाचे किती तास खुर्चीत जातात हे त्यांनी विचारले, दर तासाला उठून चालायला सांगितले आणि तीन महिन्यांनी केवळ हीच एक चाचणी पुन्हा करण्यास सुचवले. अर्जाने जे विचारायला हवे होते ते त्यांनी आपणहून विचारले, परंतु प्रत्येकाच्या वाट्याला त्यांची दहा मिनिटेही येत नाहीत.

पाचपैकी तीन गुण देतो. जाणाऱ्यांनी महागड्या पॅकेजमधील 'कॅन्सर मार्कर'च्या, म्हणजे रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्यांच्या, मोहात पडू नये. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसात सीईए किंवा सीए-१२५ ही चाचणी चाळणी म्हणून सुचवली जात नाही आणि आकडा थोडा वाढलेला आला की नसती धावपळ मागे लागते. रक्तदाब सोनोग्राफीनंतर, लघवीला जाऊन आल्यावर मोजून मागावा. मागितल्यास मोजून देतात. पाळी, झोपेचे तास, खर्रा आणि घरातील मधुमेहाचा इतिहास एका कागदावर लिहून थेट डॉक्टरांपुढे ठेवावा. जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना आयकरात प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तेव्हा पावती स्वतःच्या नावाने घ्यावी; कंपनीच्या नावाने निघालेली आमची पावती बदलून मिळायला तीन आठवडे लागले.