दिवाळीचं कार्ड ऑस्ट्रेलियात पाठवायचंय? हाताने केलेलं, पोस्टकार्ड की डिजिटल

मेलबर्नला मैत्रीण आहे, दरवर्षी दोघी एकमेकींना काहीतरी करून पाठवायचं ठरवताय, ती ख्रिसमसला आणि तुम्ही दिवाळीला, तर आधी एवढंच ठरवा की कार्ड त्याच दिवशी पोचायला हवंय की तिच्या हातात पडायला हवंय. दोन्ही हवं असेल तर घाई आत्तापासून करा. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, साध्या एअरमेलला मी दोन-तीन आठवडे धरते, म्हणजे दसऱ्याच्या आधीच टाकलेलं बरं.

डिजिटलचं फार बोलण्यासारखं नाही. फुकट, तत्काळ, आणि फराळाच्या फोटोंच्या गर्दीत दुपारपर्यंत वर सरकून गायब.

पोस्टकार्ड मला आवडतं कारण जागाच कमी असते त्यामुळे लिहायला बसायचा कंटाळा येत नाही, शिवाय मागे वारली काढली की झालं. पण उघडं जातं, शाई फुटते, आणि सासूबाईंबद्दल काही लिहायचं असेल तर पाकीटच घ्या.

खरी मजा पाकिटातल्या हाताने केलेल्या कार्डात आहे, आणि गोंधळ पण तिथेच. काळ्या कार्डशीटवर आकाशकंदील काढून कटरने पाकळ्या कापायच्या, मागून लाल-पिवळा पतंगी कागद चिकटवायचा, कार्ड खिडकीपाशी धरलं की कंदील लागतो! एकदम सपाट राहतं. पॉप-अप कितीही भारी दिसलं तरी पाकीट जाड होतं, दबतं, आणि आरसे-कुंदन लावलेत तर गाठी येऊन पाकीट फाटायची भीती वेगळी. आत फक्त कागद असेल तर पत्र म्हणून जातं, पण पणती किंवा कानातले टाकलेत की ती वस्तू झाली, मग कस्टम्सचा फॉर्म आला.

आपट्याचं पान, सुकी झेंडूची फुलं, तांदळाची रांगोळी मात्र अजिबात चिकटवू नका. ऑस्ट्रेलियाचे बायोसिक्युरिटीचे, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणूनचे नियम फार कडक आहेत, बाहेरून येणारी टपाल तपासली जाते आणि बिया किंवा झाडापाल्याचं काही सापडलं तर नष्ट पण करू शकतात. पान रंगवा की, खरं कशाला?

स्पीड पोस्टने ट्रॅकिंग मिळतं पण खर्च बराच, एका कागदासाठी मला तरी पटत नाही. त्यापेक्षा सुंदर तिकिटं घ्या, मोठ्या पोस्टात फिलाटेली म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा काउंटर असतो, आणि काउंटरवरच्या माणसाला शिक्का हाताने, नीट मारायला सांगा, चांगल्या मूडमध्ये असेल तर मारतो.

तर माझं मत सपाट कार्ड, पाकिटात, साध्या एअरमेलने, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वर एक व्हिडिओ कॉल. पत्ता इंग्रजीत लिहा, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरात, तिकडचा पोस्टकोड चार आकडी असतो. आणि पाकीट बंद करायच्या आधी तिने घर बदललंय का ते विचारून घ्या.