जाड कॉटन स्वेटशर्ट की मॉलमधला पॉली-कॉटन?

भाचा विचारतोय, मामा, छोट्या स्ट्रीटवेअर लेबलचा ४०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) कॉटन स्वेटशर्ट घेऊ की मॉलमधला २८० चा पॉली-कॉटन, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेला. दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो. किंमतीत जाडवाला जवळपास तिप्पट पडला. पण पॉलिस्टरवाल्यावर काखेत न् कोपरावर गोळे येतात, घामाचा वासही धरून ठेवतो, कॉटनला ते कमी, फक्त आधीच श्रिंक केलेला आहे का विचार नाहीतर गरम पाण्यात आटतो आणि मनगटाची रिब, म्हणजे ती लवचिक पट्टी, ताणून बघ, लगेच परत आली पाहिजे. वाळायचं मात्र विचारू नकोस, पावसाळ्यात दोन-दोन दिवस दोरीवर, पिळताना हात दुखतात ते वेगळंच! मुंबईत लोकलने फिरणार असशील तर पातळच घे, उकडून मरशील. नाशिकच्या थंडीत पहाटे बाईक काढायची असेल तर जाडवाला, पण वारा तोही अडवत नाही, वरून विंडचीटर लागेलच.