ऑस्टिओलॉजी (हाडांचा अभ्यास) शिकवायला खरी हाडं, प्लास्टिकची की थ्रीडी अ‍ॅप?

नवीन लागलेले ट्यूटर दर वर्षी हेच विचारतात, फर्स्ट इयरच्या बॅचला हाडं शिकवायला नेमकं काय वापरायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझं तिन्ही वापरून झालंय.

अ‍ॅपला नावं ठेवणार नाही. तळपायाच्या स्नायूंचे चार थर दाखवायचे तर डिसेक्शन हॉलमध्ये एका पायावर वीस डोकी वाकलेली असतात आणि मागच्यांना फक्त पुढच्याची मान दिसते, तेच स्क्रीनवर एकेक थर काढत गेलं की पाच मिनिटांत काम होतं. प्रोनेशनमध्ये, म्हणजे तळहात खाली वळवताना, कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस अल्नावरून कसा आडवा जातो तेही झकास दिसतं. स्नायूंसाठी खुशाल वापरा.

हाडांचं मात्र वेगळं. दोन वर्षांपूर्वी एका बॅचची जवळजवळ सगळी ऑस्टिओलॉजी मी अ‍ॅपवरच घेतली, मुलं खूश, मीही खूश. इंटर्नल परीक्षेला एकाच्या हातात फिब्युला (गुडघ्याखालचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) दिला. पोरगा हुशार, कॉमन पेरोनियल नर्व्ह या हाडाला कुठून वळते, ती दुखावली की फूट ड्रॉप का होतो, म्हणजे पाऊल का लोंबतं, सगळं घडाघडा सांगतोय, आणि हाड धरलंय उलटं, खालचं टोक वर! साइड, म्हणजे हाड उजव्या पायाचं की डाव्या, विचारली तर गप्प. त्याच्यामागून आलेल्या सहा-सात जणांचं तेच. अ‍ॅपमध्ये हाडाला बोट लावलं की 'राइट फिब्युला' असं लिहूनच येतं ना, आणि ते आधीपासून सरळ उभं असतं, त्यामुळे धरायचं कसं हा प्रश्नच पोरांना कधी पडलेला नसतो. ते मला फार लागलं.

आता मी खऱ्या फिब्युलावर अंगठा फिरवायला लावतो. खालच्या टोकाला त्रिकोणी फॅसेट (सांध्याचा गुळगुळीत भाग) आतल्या बाजूला, त्याच्या मागे खड्डा, तो अंगठ्याला लागला की साइड सांगून मोकळं, डोळे मिटून जमलं पाहिजे. प्लास्टिकमध्ये हा खड्डा नुसता दबल्यासारखा असतो, निदान आमच्याकडच्या सेटमध्ये तरी, आणि न्यूट्रिएंट फोरामेनमध्ये (रक्तवाहिनी हाडात शिरायचं भोक) झाडूची काडी घालून दिशा दाखवायला जावं तर भोकच नाही, नुसता ठिपका. फायदा एवढाच की पडलं तरी धस्स होत नाही, आणि लाल-निळ्या खडूने ओरिजिन-इन्सर्शन, म्हणजे स्नायू हाडाला चिकटायच्या जागा, रंगवताना मुलं बिचकत नाहीत.

खऱ्या हाडांची अडचण मान्य आहे. 1985 मध्ये निर्यातबंदी येईपर्यंत आपल्याकडचे सांगाडे परदेशातल्या कॉलेजांत जायचे, आता आपल्यालाच धड सेट मिळायची मारामार. सीनियरकडून ज्युनियरकडे येता येता मनगटाच्या आठ छोट्या हाडांतलं पिसिफॉर्म हमखास गायब झालेलं असतं. शिवाय घरच्यांचा प्रश्न, माझ्या आईने सेट घरात घेऊच दिला नव्हता, वर्षभर गॅलरीत पिशवीत होता.

तुमच्या कॉलेजचं गणित वेगळं असू शकेल, पण मी तरी पहिले दोन आठवडे स्क्रीन लावतच नाही. खरा सेट बघत असाल तर हात-पाय तारेत ओवलेले बघा, पिसिफॉर्म तरी जागेवर राहील.