प्लेराइटचे तीन ब्राउझर आणि एक जुना आयफोन

नागपूरच्या गायत्रीनगरातील आयटी पार्कमध्ये बसून आम्ही व्यापाऱ्यांच्या संकेतस्थळांचे टेस्टिंग करतो. स्वयंचलित चाचण्यांसाठी, म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझर चालवून पान तपासण्यासाठी, पूर्वी सेलेनियम हे साधन होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटकडे वळलो, ते एकाच कारणाने: एकदा लिहिलेली स्क्रिप्ट क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स आणि वेबकिट (आयफोनच्या सफारीचा पाया) या तिन्ही इंजिनांवर, म्हणजे पान प्रत्यक्ष दाखवणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्यांवर, चालते.

ही सोय खरी आहे. प्लेराइटच्या प्रत्येक आवृत्तीला जुळणारे ब्राउझर एका आदेशाने उतरवता येतात, त्यामुळे क्रोम अपडेट झाला की ड्रायव्हरची (स्क्रिप्ट आणि ब्राउझर जोडणाऱ्या दुव्याची) आवृत्ती शोधत बसावे लागत नाही. (सेलेनियमनेही ४.६ पासून हे काम अंगावर घेतले आहे, तेव्हा तेवढ्यासाठी कोणी संसार हलवू नये.) मोठा लाभ वेबकिटचा आहे. विंडोजवरील सफारी २०१२ मध्येच ५.१.७ या आवृत्तीवर थांबली, आणि ज्या कार्यालयात सारे संगणक विंडोजचे, तिथे आयफोनच्या ब्राउझरचे इंजिन निदान जवळून पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नाही.

परंतु हे वेबकिट म्हणजे सफारी नव्हे, हे प्लेराइटच्या माहितीपुस्तिकेत वाचूनही आम्ही विसरलो. संत्र्यांच्या पेट्या घरपोच पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे संकेतस्थळ आम्ही तिन्ही इंजिनांवर तपासले, रिपोर्ट हिरवागार आला, आणि आंबिया बहाराच्या ऐन हंगामात पुण्याच्या एका ग्राहकाने कळवले की पान नुसते पांढरे दिसते. त्यांच्याकडे आयफोन ७ होता, जो आयओएस १५ च्या पुढे जात नाही, आणि म्हणून त्यावरची सफारीही १५ च्या पुढे जात नाही. किमतीत स्वल्पविराम घालण्यासाठी आमच्याच प्रोग्रामरने रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रात) लुकबिहाइंड, म्हणजे जागेच्या आधी काय आहे ते पाहणारी खूण, वापरले होते. क्रोमला ते २०१७ पासून कळते, सफारीला मात्र मार्च २०२३ मधील १६.४ या आवृत्तीपासून. त्याआधीची सफारी अशी ओळ दिसताच तेवढीच ओळ सोडून पुढे जात नाही, ती असलेली सगळी फाइलच चालवायला नकार देते. प्लेराइटचे वेबकिट मुख्य शाखेतील ताज्या कोडवरून बांधलेले असते, म्हणजे बहुधा बाजारातील सफारीच्याही पुढचे. जुन्या फोनचे दुखणे त्याला दिसणार कसे? सेटिंगमध्ये आयफोन निवडला तरी स्क्रीनचा आकार, स्पर्श आणि यूजर एजंट (ब्राउझर सांगतो ती स्वतःची ओळख) बदलतात, इंजिनाचे वय बदलत नाही.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. जुन्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या क्रोमियममध्ये एच.२६४ सारखे परवान्याचे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) नसत, म्हणून व्हिडिओ असलेल्या पानांसाठी सेटिंगमधील चॅनल बदलून संगणकावरचा खरा क्रोम किंवा एज लावावा लागे. फायरफॉक्स मात्र प्लेराइटने स्वतः फेरफार केलेलाच वापरावा लागतो. ज्यांच्या गळ्यात अजून एजच्या इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये चालणारी जुनी पोर्टले आहेत, त्यांनी सेलेनियम सोडू नये.

आम्ही प्लेराइट ठेवले आहे. रोजच्या बिल्डसाठी त्याच्याइतके वेगवान आणि बिनतक्रार साधन आम्हाला दुसरे मिळालेले नाही. फक्त सीताबर्डीतून एक जुना आयफोन ७ विकत घेतला, आणि प्रत्येक रिलीजच्या आदल्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणीतरी त्यावरून हाताने एक पेटी संत्री मागवतो आणि लगेच ती ऑर्डर रद्द करतो.