पिकअपला २८५/७० टायर: आठ महिने, १५ हजार किलोमीटर

कंपनीतून गाडी आली तेव्हा टायर २६५/६५ आर १७ होते (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). आता २८५/७० आर १७ आहेत, ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) नक्षीचे, एलटी (लाइट ट्रक, जाड बांधणीच्या) प्रकारचे. सोबत पुढे ५० आणि मागे ४० मिलिमीटर लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तितकी उंच केली. गाडी डबल कॅब, डिझेल, ऑटोमॅटिक, मागे पाटे आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. टायर बदलायचा विचार करणाऱ्याला आधी मिळायला हवी होती असं वाटणारी सगळी माहिती इथे लिहितोय, कारण मला ती तुकड्यातुकड्यांत आणि बऱ्याचदा उशिरा मिळाली.

पहिल्यांदा आकडा. जुन्या टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर, नव्याचा ८३१. फरक ५५, पण चाकाचा मध्य वर जातो तो त्याच्या निम्म्याने. म्हणजे मागच्या डिफरन्शियलखाली (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याखाली) मला जास्तीची जागा मिळाली ती २७ मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त. आणि लिफ्टने त्यात काहीही भर पडत नाही. लिफ्ट बॉडी आणि चॅसी उचलते. मागचा एक्सल चाकांवरच उभा असतो, त्याला उचलतो तो फक्त टायर. लिफ्टमुळे गाडी बाहेरून इतकी उंच दिसते की हे सहज विसरायला होतं. दगडावर आधी घासतं ते मात्र डिफरन्शियलच.

लिफ्ट मग कशासाठी? मोठं चाक आत मावावं म्हणून, पुढचं बंपर चढाला टेकू नये म्हणून, आणि दोन चाकांच्या मधला भाग उंचवट्यावर बसू नये म्हणून. या तिन्ही गोष्टी तिने केल्या. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे पुढचं डिफरन्शियलही वर गेलं, हा वेगळा फायदा.

घासण्याचा प्रश्न मात्र लिफ्टने सुटत नाही. मला सांगितलं होतं, "दोन इंच लिफ्ट केलीत की हा टायर आरामात बसतो." सरळ उभ्या गाडीत बसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की पुढच्या चाकाची मागची कड आतल्या प्लास्टिकला आणि त्यामागच्या बॉडी माउंटला लागते. एक चाक खड्ड्यात आणि एक वर, अशा स्थितीत सस्पेन्शन पूर्ण दाबलं जातं आणि चाक लिफ्ट नसल्यासारखंच आत शिरतं. लिफ्ट गाडी उभी असतानाची उंची वाढवते, चाकाची वर जायची मर्यादा तीच राहते. पहिल्याच कच्च्या रस्त्यावर उजव्या बाजूला खर्रकन आवाज आला. उतरून पाहिलं तर मडफ्लॅपचा स्क्रू उपटून गेला होता आणि टायरच्या खांद्यावर पांढरी रेघ उमटली होती.

उपाय तीन टप्प्यांत झाला. मडफ्लॅप काढले, आतलं प्लास्टिक हीट गनने तापवून मागे दाबलं. मग अलाइनमेंटच्या वेळी खालच्या आर्मचे (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याचे) कॅम बोल्ट फिरवून चाक जितकं पुढे सरकतं तितकं सरकवून घेतलं. याचा दुहेरी उपयोग झाला. लिफ्टनंतर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी झाला होता आणि हायवेवर गाडी तरंगल्यासारखी वाटायची, स्टिअरिंग सोडलं तरी स्वतःहून सरळ यायचं नाही. खालचा आर्म पुढे गेल्यावर कॅस्टरही परत आला. तरीही पूर्ण लॉकवर थोडं घासत होतंच, म्हणून शेवटी वरचे आर्म बदलले. बॉडी माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करण्याचा पर्याय समोर ठेवला गेला होता, तो मी नाकारला. कॅब चॅसीवर ज्या कोपऱ्यावर उभी आहे तो कोपरा दोन-चार मिलिमीटरसाठी कापणं माझ्या मनाला पटलं नाही. आता पूर्ण लॉक, रिव्हर्स आणि खड्डा तिन्ही एकदम आले तरच लागतं, आणि तेव्हा मी स्टिअरिंग अर्धा फेरा मागे घेतो.

वजनाबद्दल लोक फार कमी बोलतात. घरच्या काट्यावर जुना टायर १७ किलो भरला, नवा २५. एका चाकामागे आठ किलो, आणि तेही फिरणारं, स्प्रिंगच्या खालचं वजन. खड्ड्यातून चाक उसळलं की शॉकअबला ते आवरायला जास्त कष्ट पडतात. तुटक्या डांबरावर ते हातांना आणि पाठीला कळतं. ब्रेकला जास्त अंतर लागतं. पहिल्या आठवड्यात सिग्नलवर दोनदा ठरवल्यापेक्षा पुढे जाऊन थांबलो, तेव्हापासून पुढच्या गाडीशी अंतर जाणीवपूर्वक वाढवलं.

शिवाय इंजिनला चाक फिरवणं जड झालं. घेर ७ टक्के वाढला म्हणजे सगळे गिअर तितकेच उंच झाले. ३.९ चा फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलमधलं गिअरचं प्रमाण) आता ३.६४ असल्यासारखा वागतो. सपाटीवर फारसं जाणवत नाही. लांब चढावर गिअरबॉक्स पाचव्या-सहाव्यात सारखा वरखाली करतो, म्हणून मी तिथे हाताने पाचवा धरून ठेवतो. उतारावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) इंजिनचा ब्रेकही थोडा ढिला लागतो, पाय ब्रेकवर ठेवावा लागतो. डिफरन्शियलचे गिअर बदलून हे दुरुस्त होतं, पण त्यासाठी पुढचा आणि मागचा दोन्ही उघडायचे. ७ टक्क्यांसाठी मी ते केलं नाही. याहून मोठ्या टायरवर जाणाऱ्याने मात्र हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

अ‍ॅव्हरेजचं गणित लोक चुकवतात, मीही पहिले तीन महिने चुकवलं. संगणकात जुनंच माप असेल तर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर १०७ च्या आसपास जात असते. (वेगमर्यादेच्या रस्त्यावर हे आधी लक्षात ठेवा.) तसंच ओडोमीटरही कमी मोजतो. टाकी भरून हिशेब केला तर ९.३ आलं, आधी ११.५ मिळायचं. घाबरलो. दुरुस्ती लावली तर खरं अ‍ॅव्हरेज ९.९ च्या आसपास. म्हणजे नुकसान आहेच, साधारण १४ टक्के, पण दिसतं तितकं नाही. तिसऱ्या महिन्यात गाडीच्या संगणकात टायरचा नवा घेर भरून घेतला, तेव्हापासून काटा बरोबर आहे.

आता ज्या कामासाठी हे सगळं केलं ते. मोठ्या टायरचा खरा लाभ मला उंचीतून कमी आणि हवेतून जास्त मिळाला. नव्या टायरची साइडवॉल २०० मिलिमीटर आहे, जुन्याची १७२. रिम आणि दगड यांच्यामध्ये जास्त रबर आहे, त्यामुळे हवा निर्धास्त उतरवता येते. रस्त्यावर मी थंड टायरमध्ये ३८ पीएसआय ठेवतो. एलटी टायर तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा मागतो, त्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा आता चालत नाही. खडूची रेघ मारून ३८ पक्कं केलं: नक्षीवर आडवी रेघ ओढायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं, रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त, कडांवर पुसली गेली तर कमी. खडीच्या रस्त्यावर २७, दगडांत २०, वाळूत आणि चिखलात १८. त्याखाली मी जात नाही, कारण वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि १८ वर वेग अगदी कमी, नाहीतर साइडवॉल तापते.

एक चढ आहे, ओली चिकणमाती, मधे दोन खोल चाकोऱ्या. ३८ वर तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा नक्षी मातीने भरून टायर गुळगुळीत झाला आणि गाडी आडवी सरकली. १८ वर उतरवून लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, न घाई करता, पहिल्याच प्रयत्नात वर. मागे मेव्हणे होते, त्यांचीही हीच गाडी, मूळ मापाचे पण ऑल टेरेन टायर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही थांबा, मी दोर लावतो." त्यांनी हवा उतरवली आणि तेही वर आले. चाकोरीत त्यांचं पोट घासलं, माझं नाही, पण वर दोघेही पोचलो. त्या दिवशी माझ्या खर्चाकडे मी नव्याने पाहिलं. पुढे ओढ्याच्या पात्रात पायरीसारखे दगड आले, तिथे मात्र त्यांचं डिफरन्शियल अडकलं आणि मी पार झालो. ते २७ मिलिमीटर तिथे कामाला आले. आठ महिन्यांत अशा जागा मला चार-पाच वेळा भेटल्या.

हवा उतरवायची म्हणजे पुन्हा भरायची. मोठ्या टायरमध्ये हवाही जास्त मावते. १८ वरून ३८ ला माझा छोटा कॉम्प्रेसर एका टायरला सहा मिनिटं घेतो, मध्ये थंडही करावा लागतो. चारही टायरना अर्धा तास धरा.

किरकोळ वाटणाऱ्या पण न टाळता येणाऱ्या गोष्टी: स्टेपनी त्याच मापाची हवीच. वेगळ्या घेराचं चाक लावून फोर बाय फोर घातलं तर गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. माझी स्टेपनी खालच्या जागेत मावली, पण हवा थोडी काढून. कंपनीचा जॅक पुरत नाही, खाली ठोकळा लागतो. चाकाचे नट १०० किलोमीटरनंतर आणि पाट्यांचे यू बोल्ट ५०० नंतर पुन्हा आवळा. माझे यू बोल्ट खरोखर सैल झाले होते. पुढची लिफ्ट मागच्यापेक्षा जास्त असल्याने हेडलाइट वर गेले आणि समोरचे डिपर मारू लागले, ते खाली करून घ्या. विमा आणि नोंदणीचे नियम काम सुरू करण्याआधी पाहा. सहाव्या महिन्यात पुढच्या डाव्या एक्सलच्या बाहेरच्या बूटमधून (सांध्यावरच्या रबरी आवरणातून) ग्रीस झिरपताना दिसलं. लिफ्टने एक्सलचा कोन वाढतो, त्याचा हा परिणाम. वेळेत कळलं म्हणून फक्त बूट बदलून भागलं. आता दर महिन्याला खाली वाकून पाहतो.

आणि आई. तिला आता पुढच्या सीटवर चढता येत नाही, पायरी बसवली तरी हात द्यावा लागतो. ती काही बोलली नाही, पण दोनदा "मी रिक्षाने येते" म्हणाली. टायरचं माप ठरवताना ही गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

माझं चालवणं महिन्यातले वीस दिवस डांबरावर आणि चार-पाच दिवस कच्च्यावर आहे. इतक्यासाठी मी आज २६५/७० आर १७ घेतले असते. व्यास ८०३, डिफरन्शियलखाली १३ मिलिमीटर जास्त, काट्यात साडेतीन टक्क्यांचा फरक, आर्म बदलायची गरज नाही, आणि हवा उतरवायला साइडवॉलही पुरेशी. ज्याची वाट रोज दगडांतून जाते त्याला २८५ च बरा, त्याबद्दल मला शंका नाही.

नक्षी नवी असताना १२ मिलिमीटर होती. दर ८ हजारांना पाचही टायर आळीपाळीने फिरवतोय. आज मोजली, ९.८ आहे. ४ वर आली की २६५ बसवेन, आणि पुढची लिफ्ट ५० वरून ४० वर आणेन.