इगतपुरीचे १० दिवस की आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स?

आमच्या मेव्हण्याच्या ऑफिसात बऱ्याच सुट्ट्या साठल्यात, वर रात्री झोप नाही, मधेच छातीत धडधड, सारखी काळजी. मग परवा फोनवर विचारत होता, इगतपुरीला विपश्यनेला जाऊन येऊ का तो आठ आठवड्यांचा कोर्स करू, रिसर्च काय म्हणतो? त्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितो.

आधी रजेचं बघा, कारण तिथेच लोक फसतात. शिबिर १० दिवसांचं म्हणतात पण आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे कॅलेंडरवर १२ दिवस गेले. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे ४ ला घंटा, दिवसाला साधारण १० तास बसणं. फी नाही, शेवटी जमेल तेवढं दान. मी गेलो होतो तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष श्वासावर ठेवायचं सोडून सगळं डाव्या गुडघ्यात अडकलेलं, आणि समोर सत्तरीचे एक काका मांडी घालून असे निवांत की मला माझीच लाज वाटली.

दुसरा पर्याय तो आठ आठवड्यांचा कोर्स, एमबीएसआर, म्हणजे माइंडफुलनेसने ताण कमी करायचा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केला. आठवड्यातून एक अडीच तासांचा क्लास, रोज घरी ४५ मिनिटं, मधे एक अख्खा दिवस. सुरुवातीला हातावर एक मनुका ठेवतात, बघा, चोळा, वास घ्या, मग हळू चावा. पहिल्यांदा हसूच येतं. याला फी पडते, आणि रोजची ४५ मिनिटं घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना काढणं हे मला तरी इगतपुरीपेक्षा अवघड गेलं.

आता रिसर्च. जे मोठे, नीट अभ्यास आहेत ते बहुतेक या आठ आठवड्यांवालेच, कारण कोर्स सगळीकडे सारखा आणि हॉस्पिटलात बसवता येतो. १२ दिवस घर सोडून कोणी जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं कठीण, आणि जो स्वतःहून जातो तो आधीच तयारीत असतो. म्हणून विपश्यनेने फायदा होत नाही असं नाही, पुरावा पातळ आहे एवढंच.

मेव्हण्याच्या कामाचा अभ्यास २०२२ चा. अँग्झायटीच्या २७६ पेशंटांमध्ये अर्ध्यांना एमबीएसआर, अर्ध्यांना एसिटालोप्रॅम ही गोळी, आणि आठ आठवड्यांनी दोन्हीकडे जवळपास सारखाच आराम. भारी वाटतं ना? पण काहीच न घेणारा तिसरा गट त्यात नव्हता, आणि क्लास शिक्षकासमोर बसून होते, ॲपवर नाही. म्हणून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करून ध्यानाला बसायचा उद्योग नको.

त्याआधी २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने ४७ चाचण्या, ३५१५ माणसं एकत्र करून पाहिलं. काळजी, डिप्रेशन, दुखणं यात थोडा पण खरा फरक. झोप आणि वजनाबद्दल मात्र ठोस काही सापडलं नाही, आणि व्यायाम किंवा औषधापेक्षा ध्यान सरस असाही पुरावा नाही. कंबरदुखीवाल्यांसाठी २०१६ चा अभ्यास बरा आहे, ३४२ लोक, सहा महिन्यांनी रोजच्या हालचालीत फरक पडलेले एमबीएसआरमध्ये सुमारे ६१ टक्के, नेहमीच्या उपचारात ४४ टक्के. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, घेतलेल्यांतही ५८ टक्के, म्हणजे मनुक्यात जादू वगैरे नाही.

बीपीवाल्यांचं वेगळं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये महर्षी महेश योगींच्या मंत्रवाल्या ध्यानाला, टीएमला (ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन), 'करून बघायला हरकत नाही' इतपत जागा दिली, बाकीच्या ध्यानांना तेवढीही नाही. आणि 'आठ आठवड्यांत मेंदू बदलतो' हे फॉरवर्ड सोडून द्या, तो २०११ चा अभ्यास जेमतेम १६ ध्यान करणाऱ्यांचा होता, २०२२ मध्ये दोनशेवर लोकांत तपासलं तर तसा बदल दिसला नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. लांब मौनात काहींना भीती, भास, आपण आपल्यातून सुटल्यासारखं वाटणं असं होतं, ब्राऊन विद्यापीठात यावर काम झालंय. शिबिराच्या फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधं विचारतात ती उगाच नाही, तिथे खोटं लिहू नका.

तर मेव्हण्याला म्हटलं, धडधड आहे ना, आधी ईसीजी काढ. झोपेसाठी डॉक्टरला सीबीटीबद्दल विचार, निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतले फिजिशियन तेच सांगतात. काळजीसाठी आठ आठवड्यांचा कोर्स कर, पण समोर शिक्षक असलेला. इगतपुरी सहा महिन्यांनी, गाडी रुळावर आल्यावर. त्यावर तो म्हणतो, "मग सुट्ट्यांचं काय करू?" म्हटलं, चार दिवस गावी जाऊन झोप काढ, बाकीच्या ठेव, तेव्हा १२ लागतीलच.